आधी सांग, मंग चालव

लॅपटॉप घरात आला त्या दिवशी माझ्या सासूबाईंनी त्याला हात लावला नाही. नवऱ्याने तो चंद्रपुरातून आणला होता, कोणीतरी वापरून विकलेला. बॅटरी मेलेली होती, त्यामुळे वायर लावलेली असेपर्यंतच तो चालायचा. मी तो खिडकीजवळच्या लोखंडी टेबलावर ठेवला, कारण आमच्या घरात मोबाईलची रेंज त्या खिडकीपाशीच मिळते. चालू केला. उघडण्यासाठी त्याने बोट मागितलं. मी कोपऱ्यातल्या चौकोनावर अंगठा टेकवला आणि पडदा उजळला.

दारात उभ्या असलेल्या सासूबाई एकदम पुढे आल्या.

"अंगठा घेऊन राह्यला तो?"

"हो आई. दुसऱ्या कोणाले उघडता येऊ नये म्हणून."

"मले बी असंच सांगतलं होतं," त्या म्हणाल्या.

माझं लग्न होण्याच्या आधीची गोष्ट. जिवतीच्या डोंगरावरच्या आमच्या गावात एक माणूस टॅब घेऊन आला होता. गॅसची शेगडी मिळणार म्हणून त्याने समाजमंदिरात बायांना रांगेत बसवलं आणि एकेकीचा अंगठा घेतला. सासूबाईंचाही घेतला. एकदा उठला नाही म्हणून परत घेतला, मग आणखी एकदा. शेगडी आली नाही. काही महिन्यांनी पोलीस आले. त्यांच्या नावावर कुठल्यातरी शहरात मोबाईलची सिमकार्डं निघाली होती आणि त्यांवरून लोकांना फसवणारे फोन जात होते. सासूबाईंना दोनदा जबाबाला जावं लागलं. ज्या बाईने कधी स्वतःचा मोबाईल बाळगला नव्हता, तिला विचारलं गेलं की हे नंबर तुम्ही कोणाला दिले. कारवाई काही झाली नाही, पण गावातल्या दोन-चार जणी अजून म्हणतात, काहीतरी असेलच.

तेव्हापासून त्यांचा कशावरच विश्वास उरला नव्हता. रेशनच्या मशीनवर अंगठा देताना त्या दुकानदाराच्या तोंडाकडे टक लावून बघतात. त्या दिवशी त्यांनी मला अंगठा काढून टाकायला लावला. मी पासवर्ड ठेवला. संध्याकाळी नवरा म्हणाला, "पासवर्ड काय ठेवला? मले सांगून ठेव." मी सांगणारच होते, तेवढ्यात चुलीपाशी बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, "कोणालेच नोको सांगू. त्याले बी नोको, मले बी नोको." नवरा हसला. पण त्याला ते आवडलं नाही, हे मला दिसलं.

तो गडचांदूरकडच्या एका सिमेंटच्या कारखान्यात कामाला आहे आणि तिकडेच खोली करून राहतो, सुट्टीला घरी येतो. सासरे पूर्वीच गेलेले. म्हणजे घरात आम्ही दोघीच. मी मूळची गडचिरोलीची. लग्नाआधी तिथल्या एका संगणक क्लासात मुलांना टायपिंग शिकवायचे. इथे आल्यावर कापूस वेचला, तूर काढली, पण मन लागेना. मग ऑनलाइन एक फुकटचा अभ्यासक्रम सापडला. वेबसाइट कशी बनवायची, प्रोग्राम कसा लिहायचा, हे सगळं त्यात होतं. शिकून झालं की घरबसल्या काम मिळेल, असं मी नवऱ्याला पटवलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी धडा सुरू केला, तर सासूबाई पाट घेऊन आल्या आणि माझ्या मागे भिंतीला टेकून बसल्या. मांडीवर सुपात तुरीची डाळ होती. मला वाटलं, डाळ निवडायला उजेड हवा असेल. पण त्या डाळीकडे कमी आणि माझ्या पडद्याकडे जास्त बघत होत्या. तिसऱ्या दिवशीही आल्या. मग रोजच येऊ लागल्या.

त्यांना सगळ्यात जास्त खटकला तो काळा पडदा. संगणकाला माऊसने न सांगता थेट लिहून हुकूम द्यायची एक खिडकी असते, काळ्यावर पांढरी अक्षरं. आमच्या अभ्यासक्रमात ती पहिल्याच आठवड्यात आली.

"हे काय होय? टीव्हीत चोर लोक असंच लिवतेत."

"चोर नाई आई. त्याले सांगून राह्यली मी, की नवीन फोल्डर बनव."

"मंग मराठीत सांग ना. त्या अंधारात काऊन सांगतेस?"

मला हसू आलं, पण त्या हसल्या नाहीत. त्यांना वाटत होतं की मी कुणाशीतरी बोलते आहे. मी लिहायचे, तिकडून उत्तर उमटायचं. मी परत लिहायचे. लांबून बघणाऱ्याला ते बोलणंच वाटणार. मी समजावायचा प्रयत्न केला की पलीकडे कोणी नाही, हे यंत्रच उत्तर देतं. त्या म्हणाल्या, "मंग प्रत्येक खेपेले काय लिवलं अन् त्यानं काय म्हटलं, ते मले सांगत जा."

मला राग आला. आपल्याच घरात, आपल्याच टेबलावर चौकशी. पण नाही म्हटलं असतं तर लपवण्यासारखं काहीतरी आहे, असा अर्थ निघाला असता. म्हणून मी सांगू लागले. सुरुवातीला तुटक, तोंडातल्या तोंडात. त्या तसं चालू द्यायच्या नाहीत. "बरोबर सांग. मले समजलं नाई." म्हणून पुन्हा सांगायचे.

असाच एक दिवस मी ग्रंथालयाचा सराव करत होते. अभ्यासक्रमात दिलेलं काम होतं: कोणी पुस्तक नेलं, कोणी परत केलं, हे दाखवणारं पान बनवायचं. ज्याने परत केलं नाही त्याचं नाव लाल दिसायला हवं. माझ्या पानावर भलतीच नावं लाल होत होती आणि का, ते काही केल्या कळत नव्हतं. मागून प्रश्न आला, आता काय लिवलंस? मी वैतागून ओळीवर बोट ठेवलं आणि वाचलं, "इथी सांगतलं हाये, ज्यानं पुस्तक वापस केलं, त्याचं नाव लाल कर."

"वापस केलं तं लाल काऊन?"

मी थांबले. ओळ पुन्हा वाचली. मी अट उलटी लिहिली होती. एक छोटं चिन्ह राहून गेलं होतं. ते घातलं आणि नावं बरोबर झाली. सासूबाईंना काय झालं हे कळलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. पण त्यानंतर अडलं की मी आपणहून मोठ्याने सांगू लागले. डोळ्यांनी वाचताना मला जे लिहायचं होतं तेच दिसायचं, आणि दुसऱ्याला सांगताना जे खरंच लिहिलं आहे तेच तोंडातून बाहेर यायचं.

पाळतीचा आणखी एक परिणाम झाला. अभ्यास करता करता मी मोबाईल उचलायचे आणि छोटे व्हिडिओ बघत बसायचे. कोणी पाहत नसतं तर दुपार त्यातच गेली असती. मागून विचारणा व्हायची, "हे त्याच कामाचं होय का?" खोटं बोलायची सोय नव्हती, कारण पडद्यावर कुणीतरी नाचत असायचं. सकाळी भाकरी थापताना त्या विचारायच्या, "आज काय करणार हायेस त्याच्यावर?" मी काहीतरी मोठं सांगायचे, आज पूर्ण धडा संपवणार. संध्याकाळी विचारायच्या, "झालं?" झालेलं नसायचं. दोन-तीनदा तसं झाल्यावर त्या म्हणाल्या, "सकाळी सांगतेस ते खोटं असते." मग मी होईल तेवढंच सांगायला शिकले. आज फक्त हा एक भाग, आज फक्त ही एक चूक शोधायची. ते होऊ लागलं.

हे लिहिताना सगळं गोड वाटतं. तेव्हा तसं नव्हतं. मला त्यांचं तिथे बसणं टोचायचं. आणि एके दिवशी नवऱ्याचा फोन आला.

"त्या सरासंग लई बोलतेस म्हणे?"

अभ्यासक्रमाला एक शिक्षक होते. आठवड्यातून एकदा ते व्हिडिओवर सगळ्यांच्या शंका सोडवायचे. आम्ही वीस-पंचवीस जण असायचो, त्यात दोन-तीन जणीच. मी बोलायचे, कारण मला अडायचं. हे नवऱ्याला कोणी सांगितलं? घरात दुसरं होतं कोण?

मी त्या दिवशी सासूबाईंशी नीट बोलले नाही. पाठीमागे पाट सरकल्याचा आवाज आला की मी सांगणं आवरतं घ्यायचे. मी सांगत होते ते सगळं कारखान्याच्या खोलीवर पोचतं, असं मला वाटू लागलं. त्या माझ्यावर नजर ठेवत होत्या, आता मी त्यांच्यावर ठेवू लागले. त्या शेजारणीकडे मोबाईलवर बोलायला गेल्या की मी कुंपणापाशी जाऊन उभी राहायचे. एकदा त्यांनी मला बघितलं आणि फोन ठेवला. कशासाठी ठेवला, मी विचारलं नाही.

पुढच्या व्हिडिओ तासाला शिक्षकांनी काहीतरी गंमत केली आणि सगळे हसले. मीही हसले. तास संपला. यंत्राने विचारलं, नवीन सुधारणा आल्या आहेत, बसवायच्या का? मी होय म्हटलं. पडद्यावर लिहून आलं की बंद करू नका. मी पाणी आणायला बाहेर गेले. परत आले तर पडदा काळाठिक्कर होता आणि भिंतीवरचं बटण बंद होतं. सासूबाई पाटावर बसल्या होत्या.

"तुम्ही बंद केलं?"

"तास झाला ना तुहा? लाइट जळून राह्यली होती फुकट."

मी बटण दाबलं. लॅपटॉप चालू झाला, कंपनीचं चित्र आलं, मग निळा पडदा, मग पुन्हा चित्र. तेच चक्र फिरत राहिलं. मी दुपारभर प्रयत्न केला. ग्रंथालयाचं पान, सरावाच्या सगळ्या फाइली, सगळं त्याच्या पोटात. दुसरीकडे मी काहीच ठेवलं नव्हतं. शिक्षकांनी पहिल्याच तासाला सांगितलं होतं की केलेल्या कामाची प्रत दुसरीकडे ठेवत जा. मी ऐकलं होतं आणि मान हलवली होती, इतकंच.

मी रडले. सासूबाईंनी बटण मुद्दाम बंद केलं की खरंच विजेसाठी, हे मला तेव्हाही कळलं नाही आणि आताही ठाऊक नाही.

सकाळी मी लॅपटॉप साडीच्या जुन्या तुकड्यात गुंडाळला आणि राजुऱ्याला दुरुस्तीच्या दुकानात जायला निघाले. बसथांब्यावर बघते तर सासूबाई मागे. "मी बी येतो," एवढंच म्हणाल्या. बसमध्ये आम्ही वेगवेगळ्या सीटवर बसलो.

दुकानदाराने लॅपटॉप चालू करून पाहिला आणि म्हणाला, "सगळं पुसून नवीन टाकावं लागेल ताई. ठेवून जा. तीन-चार दिवसांनी या. पासवर्ड या कागदावर लिहून द्या."

मी पेन हातात घेतलं. मागून सासूबाई म्हणाल्या, "पुसायचंच हाये तं पासवर्ड काऊन पायजे?"

दुकानदाराने त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आजी, चेक करायला लागते."

"काय चेक करता?"

त्याने कागद माझ्याकडे आणखी सरकवला. तो वाईट माणूस असेल असं नाही. सगळेच तसं लिहून घेतात, म्हणून तोही घेत असेल. पण मी पेन खाली ठेवलं. मला आठवलं, आमच्या गडचिरोलीच्या क्लासात एक पेनड्राइव्ह असायचा. त्यात पूर्ण वेगळी कार्यप्रणाली होती. संगणकातली बिघडली तरी पेनड्राइव्हवरून यंत्र सुरू करता यायचं आणि आतल्या फाइली काढून घेता यायच्या. मी त्याला विचारलं, तसा तुमच्याकडे आहे का? होता. मी म्हटलं, मला इथेच बसून फाइली काढू द्या, मग खुशाल सगळं पुसा, पण आमच्यासमोर.

तो कुरकुरला, पण त्याने स्टूल दिलं. पेनड्राइव्हवरून लॅपटॉप उठला. वेगळाच दिसत होता, पण आतली डिस्क दाखवत होता. मी फोल्डर उघडत गेले. ग्रंथालयाचं पान तिथेच होतं. सगळंच होतं. यंत्र उठत नव्हतं, याचा अर्थ काम गेलं असा नव्हता. आदल्या दिवशी मी उगाच दोन्ही गोष्टी एकच धरल्या होत्या.

फाइली नव्या पेनड्राइव्हवर घेतल्या. दुकानदाराने दुपारपर्यंत नवी प्रणाली टाकली. तेवढा वेळ सासूबाई त्याच्या काउंटरसमोर उभ्या होत्या. मी स्टूल पुढे केलं तरी बसल्या नाहीत. घरी आल्यावर मी त्याच दिवशी ऑनलाइन एक जागा उघडली, जिथे प्रोग्रामची प्रत ठेवता येते आणि कुठल्या दिवशी काय बदललं तेही राहतं. रोजचं काम संपलं की तिथे पाठवायचं आणि मगच जेवायला उठायचं, असं ठरवलं.

परतीच्या बसमध्ये मात्र आम्ही शेजारी बसलो होतो. मी विचारलं, "सराचं तुम्ही सांगतलं ना त्याईले?"

त्या म्हणाल्या, "त्यानं विचारलं, कोनासंग बोलते. मी सांगतलं, सर हाये, लई जण असतेत. लई जण असतेत हे त्यानं ऐकलंच नसन."

खरं होतं की बनवलेलं, मला ठरवता आलं नाही. मी नवऱ्याला पुढच्या सुट्टीत तासाला शेजारी बसवलं. पंधरा मिनिटांत तो पेंगायला लागला. त्यानंतर त्याने तो विषय काढला नाही.

पावसाळा सरला, कापूस फुटायला लागला तेव्हा मला एक संदेश आला. काम शोधणाऱ्यांची एक साइट असते. तिथे मी माझं ग्रंथालयाचं पान लावलं होतं. संदेश परदेशातल्या कुठल्याशा कंपनीच्या नावाने होता. लिहिणारी बाई होती, चांगला फोटो, चांगली इंग्रजी. तुमचं काम पाहिलं, फार स्वच्छ आहे, आम्हाला घरून अर्धवेळ काम करणारी माणसं हवी आहेत. खाली असंही होतं की तुमच्या अभ्यासक्रमातल्या अमुक मुलीने तुमचं नाव सुचवलं. ती मुलगी गडचिरोलीची, माझ्याच गावची. आम्ही तासाला एकमेकींना मदत करायचो.

मी इतकी खूश झाले की चहा उतू गेला. दोन दिवस संदेशांची देवाणघेवाण झाली. मग तिने लिहिलं, मुलाखतीआधी एक छोटी चाचणी. हा प्रोजेक्ट उतरवून घ्या, तुमच्या यंत्रावर चालवा, त्यातली एक चूक दुरुस्त करा. वेळ एक तास, आत्तापासून.

मी प्रोजेक्ट उतरवला. काळी खिडकी उघडली. चालवायची कमांड तिने दिलीच होती, ती मी चिकटवली. फक्त एंटर दाबायचं बाकी होतं.

"हे काय लिवलं?" मागून नेहमीचा प्रश्न.

"कामाची परीक्षा हाये आई. चालवून पाहाची हाये."

"चालवलं की काय होते?"

"त्याईचा प्रोग्राम सुरू होते."

"अन् तो काय करते?"

मी म्हटलं, दुकानाचं पान असेल बहुतेक. त्यावर त्या म्हणाल्या, "बहुतेक काऊन? तुवा लिवलेलं तं तू समदं सांगतेस."

"हे मी नाई लिवलं. त्याईनं देल्लं."

"कोनं?"

"कंपनीनं."

"तुवा पाह्यली?"

मला घड्याळ दिसत होतं. मी जरा ओरडलेच, "आई, आत्ता नोको ना!"

त्या गप्प झाल्या नाहीत. शांतपणे म्हणाल्या, "तुले सांगता येत नाई तं चालवतेस काऊन? आधी सांग, मंग चालव."

रागात का होईना, मी फाइल उघडली. म्हटलं भराभरा सांगते आणि मोकळी होते. बोट ठेवत वाचू लागले. इथे दुकानाचं नाव, इथे वस्तूंची यादी, इथे किंमत. सगळ्या ओळी छोट्या होत्या, पडद्याच्या निम्म्यातही मावणाऱ्या. तरी खाली आडवी पट्टी दिसत होती. ओळी उजवीकडे पडद्याबाहेर जातात तेव्हाच ती पट्टी येते. मग कुठली ओळ बाहेर गेली होती?

मी पट्टी उजवीकडे ओढली. पडदा रिकामा झाला. आणखी ओढली, अजून रिकामा. शेवटी, कुठल्याकुठे लांब, एकाच ओळीत अक्षरांचा गच्च ढीग. शब्द नाही, अर्थ नाही. सुरुवातीला एवढंच कळत होतं की एका पत्त्यावरून काहीतरी आणायचं आहे आणि आणलेलं लगेच चालवायचं आहे. आधीच्या साध्या ओळीनंतर शेकडो मोकळ्या जागा सोडून कोणीतरी ते तिथे ठेवलं होतं, वाचणाऱ्याला दिसू नये म्हणून.

"हे काय होय?" सासूबाईंनी विचारलं.

"हे मले सांगता येत नाई," मी म्हटलं.

मी एंटर न दाबता काळा पडदा बंद केला आणि तिथूनच शिक्षकांना फोन लावला. एकटीने त्यांना फोन करण्याची ती पहिलीच वेळ, आणि सासूबाई शेजारी उभ्या होत्या. मी त्यांना ओळीचा फोटो पाठवला. त्यांनी थोड्या वेळाने परत फोन केला. "चालवलं नाहीस ना? बरं केलंस. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड उचलून नेणारा प्रकार दिसतो आहे. नोकरीच्या चाचणीच्या नावाखाली हे सर्रास चालतं."

तेवढ्यात त्या बाईचा संदेश आला. चालवलं का? वेळ संपत आली आहे, दुसरे उमेदवारही आहेत. मी लिहिलं, अमुक फाइलच्या अमुक ओळीत उजवीकडे जे आहे, ते काय करतं ते सांगा. मग आलं, ते सुरक्षेसाठी आहे, तुम्ही चालवा. मी लिहिलं, आधी सांगा. त्यानंतर तो फोटो, ते नाव, ते सगळे संदेश गायब झाले. तिने मला ब्लॉक करून टाकलं होतं. ती बाई होती की पुरुष, एक होता की चार, देव जाणे.

मला आता गडचिरोलीच्या मुलीचा संशय येऊ लागला. माझं नाव तिने दिलं होतं. ती त्यांच्यातली असेल का? तासाला माझ्याशी इतकं गोड का बोलायची? मी फोन लावला तेव्हा आवाज मुद्दाम सपाट ठेवला.

"तू माझं नाव कुठल्या कंपनीले देल्लं का?"

"मी? नाई वो. मलेच तं त्याईनं तुहं नाव सांगतलं. तुवा सुचवलं म्हणे. तवाच मी हो म्हटलं."

मग मी विचारलं, "चालवलं तू?"

"परवाच चालवलं," ती म्हणाली. "पुढं काई उत्तरच नाई आलं. मले वाटलं, नापास झाली."

ती दुपार मी तिच्यासोबत फोनवर काढली. शिक्षकांनी सांगितलं तसं आम्ही केलं. तिच्या लॅपटॉपचं इंटरनेट तोडलं. तिच्या भावाच्या मोबाईलवरून ईमेलचा पासवर्ड बदलला, सगळ्या यंत्रांवरून खातं बंद करण्याचं, लॉग-आउटचं बटण दाबलं, मग बँकेचा पासवर्ड, मग बाकीचे. तिच्या ईमेलमध्ये कोणीतरी आधीच शिरलं होतं. पत्र आपोआप दुसरीकडे पाठवायची एक सोय चालू करून ठेवली होती. ती काढली. लॅपटॉप पूर्ण पुसायला सांगितला. तिने स्वतःच्या कामाची प्रत कुठेही ठेवली नव्हती. फाइली तशाच काढून घेता येतील का, असं ती विचारत राहिली, आणि मला सांगावं लागलं की या वेळी काहीच काढू नकोस, कशात काय लपलं असेल ठाऊक नाही. ती रडत होती. मला आधी तिचा संशय आला होता, हे मी तिला तेव्हाच सांगितलं. ती म्हणाली, "मले बी तुहा आला."

सासूबाईंनी तोवर स्वयंपाक केला होता. जेवताना त्या एवढंच म्हणाल्या, "तुहा अंगठा नाई ना गेला?"

"नाई गेला."

खरं काम त्यानंतर काही महिन्यांनी मिळालं. मूल तालुक्याकडच्या काही शेतकऱ्यांचा गट आहे. ते गावरान धानाचं बियाणं विकतात. त्यांना आपली साइट नीट करून हवी होती. शिक्षकांनी माझं नाव सुचवलं. मी आधी शिक्षकांना फोन करून विचारलं की खरंच तुम्हीच सुचवलं ना. मग गटाच्या लोकांना म्हटलं, तुमच्या साइटची चावी मला फोनवर देऊ नका, समोर भेटू. त्यांना जरा विचित्र वाटलं, पण ते तयार झाले.

दोघे जण मोटारसायकलवर डोंगर चढून आले. एक उंच आणि एक बुटका. सासूबाईंचं माहेर मूलकडचं. त्यांनी चहा ठेवायच्या आधी विचारपूस सुरू केली. कोणत्या गावचे? कोणाच्या घरचे? आई कुठली? बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, पाळीवर ते मोठं झाड होतं ते अजून आहे का? बुटक्याने सांगितलं, तोडलं. उंच माणूस म्हणाला, तोडलं नाही, पडलं. त्यावर दोघांचं थोडं जुंपलं. सासूबाई ऐकत होत्या. शेवटी उंच माणसाची आजी त्यांच्या मावशीच्या घराशेजारची निघाली, तेव्हा त्यांनी चुलीवर भांडं ठेवलं.

मी कामाचं बोलून घेतलं. काय करायचं, काय नाही, दर आठवड्याला किती दाखवायचं, सगळं ठरलं. मला स्वतःचं वेगळं खातं उघडून द्या, तुमचा पासवर्ड मला नको, असं मी म्हटलं, आणि ते टेबलाशी बसून त्यांनाच करायला लावलं. ऊन उतरल्यावर ते निघाले. मोटारसायकलचा आवाज घाटात विरेपर्यंत सासूबाई अंगणात उभ्या होत्या.

आत येऊन त्या म्हणाल्या, "उंच माणूस बरा हाये. तो बुटका लई बोलत होता. त्याच्यावर ध्यान ठेवजो."

"ठेवतो आई," मी म्हटलं, आणि कपबशा उचलल्या.